चूक कुठे ठेवायची

गिटार कधीच पूर्ण सुरात लागत नाही. प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत असं सांगणं विक्रीच्या दृष्टीने शहाणपणाचं नाही, पण ते टाळून पुढचं काहीच नीट सांगता येणार नाही. सहाही तारा ट्यूनरचा हिरवा दिवा लागेपर्यंत जुळवा, ई मेजर कॉर्ड छेडा आणि तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावरचा गांधार कान देऊन ऐका. तो चढा आहे. तो गोड लागावा म्हणून तिसरी तार किंचित उतरवा आणि लगेच जी मेजर वाजवा. आता हा कॉर्ड बिघडला, कारण इथे तीच तार मोकळी वाजते आणि या कॉर्डचा षड्जच तिच्यावर आहे. ट्यूनर चुकला नव्हता आणि कानही चुकला नव्हता.

भानगड मोजमापाची आहे. शुद्ध गांधाराची आंदोलनसंख्या षड्जाच्या बरोबर सव्वापट असते. तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार तो हाच. गिटारचे पडदे मात्र सप्तकाचे 12 समान भाग करून ठोकलेले असतात. एक पडदा वर गेलं की आंदोलनसंख्या सुमारे 1.0595 पट होते. अशा 12 पायऱ्या चढल्यावर सप्तक नेमकं दुप्पट होतं, पण वाटेतला एकही स्वर आपल्या नैसर्गिक जागी येत नाही. अर्धस्वराचे 100 भाग कल्पून त्यातल्या एकाला सेंट म्हणतात. त्या मापाने गिटारचा पंचम फक्त 2 सेंट उतरलेला असतो. तो सहसा कुणाला कळत नाही. गांधार मात्र जवळजवळ 14 सेंट चढा असतो, आणि तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो टोचतो.

एकटा वाजवणारा यातून वाट काढतो. गाणं ई मेजरमधलं असेल तर तो ई मेजर गोड करून घेतो आणि उरलेले कॉर्ड जपून वाजवतो. बँडमध्ये ही सोय संपते. शेजारी बेस गिटार असते, तिचे पडदे तिचे स्वतःचे. कीबोर्ड असतो, तो जागचा हलत नाही. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजता वाजता गरम होतात आणि चढतात. गायकाचा गळा कुणाच्याच पडद्यांना बांधलेला नसतो. प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी असते आणि त्या सगळ्या एकाच वेळी वाजतात. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की जुळवणं म्हणजे न टळणारी चूक कुठे ठेवायची हे ठरवणं, आणि बँडमध्ये ते सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. ट्यूनर त्या बैठकीतला एक सभासद आहे. त्याला अध्यक्ष करण्याचं कारण नाही.

हा प्रश्न आजच्या गिटारपेक्षा जुना आहे. सोळाव्या शतकातल्या ल्यूट आणि विहुएला या वाद्यांचे पडदे आतड्याच्या तातीचे असत, दांडीभोवती बांधलेले आणि सतारीच्या पडद्यांप्रमाणे सरकवता येणारे. 1581 साली गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी पडदे बसवण्याचा एक सोपा नियम छापला: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडायचा आणि पुढचा पडदा बांधायचा. गणिताने हा नियम तोकडा पडतो. बाराव्या पडद्यावरचं सप्तक जवळजवळ 13 सेंट उतरलेलं येतं. पण बोटाने तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर वर जातो, त्यामुळे एक चूक दुसरीला बरीचशी भरून काढते. नंतरच्या चार शतकांची गिटार-कारागिरी मला याच युक्तीचा विस्तार वाटते. आज 18 च्या जागी 17.817 हा आकडा धरतात आणि दाबल्याने चढणारा सूर घोडीवरची सॅडल मागे सरकवून सावरतात. बाराव्या पडद्यावर तार दाबून एक सूर घ्यायचा, त्याच जागी नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढायचा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे न्यायची, उतरलेला आला तर पुढे. याला इंटोनेशन करणं म्हणतात. खुंट्या पिळून पिळून कंटाळलेल्या कितीतरी वादकांच्या गिटारचं दुखणं खुंटीत नसतंच, ते इथे असतं.

सगळ्यांनी कोणत्या ‘ए’ ला जुळवायचं हेही फार काळ ठरलेलं नव्हतं. फ्रान्सने 1859 मध्ये 435 हर्ट्झ ठरवलं, 1939 च्या लंडन परिषदेत 440 वर एकमत झालं आणि 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याची शिफारस केली. तरीही युरोपातले काही ऑर्केस्ट्रा आज 442 किंवा 443 वर वाजवतात, म्हणून बहुतेक ट्यूनरांवर हा आकडा बदलण्याचं बटण असतं. त्या बटणाला धक्का लागून दोन गिटारिस्टांपैकी एकाचा ट्यूनर 442 वर गेला, की दोघांत जवळजवळ 8 सेंटची दरी पडते आणि दिवे दोघांचेही हिरवेच राहतात. असा बँड अख्खी तालीम एकमेकांच्या कानांवर संशय घेत काढू शकतो.

ट्यूनर नव्हते तेव्हा नादकाटा होता. लंडनचा ट्रम्पेटवादक जॉन शोर याने तो 1711 मध्ये तयार केला. एक सूर काट्यावरून घ्यायचा आणि बाकीच्या तारा कानाने लावायच्या. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाज डोलतो. 440 आणि 442 एकत्र आले तर सेकंदाला दोनदा. सूर जवळ येतील तसा डोल मंदावतो आणि जुळले की थांबतो. पाचव्या पडद्यावरचा हार्मोनिक शेजारच्या तारेच्या सातव्या पडद्यावरच्या हार्मोनिकशी जुळवण्याची लोकप्रिय पद्धत याच डोलावर चालते. ती दिसते फार शास्त्रशुद्ध, पण तिच्यात एक खोच आहे. सातव्या पडद्यावरचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, पडदे मात्र समान भागांचे. दर तारेला 2 सेंट घसरतात आणि सहाव्या तारेपासून तिसरीपर्यंत येईतो 6 सेंटची तूट साचते. एकट्याने वाजवताना ती लपते, कीबोर्डशेजारी लपत नाही.

1936 मध्ये अमेरिकेतल्या कॉन कंपनीने फिरत्या चकत्यांवर प्रकाश पाडून सूर दाखवणारं स्ट्रोबोकॉन हे यंत्र आणलं. 1975 मध्ये कॉर्गचा हातात मावणारा ट्यूनर आला आणि 1998 मध्ये बॉसचा टीयू-2 हा पायाने दाबायचा ट्यूनर. हे शेवटचं यंत्र बँडांसाठी सगळ्यात क्रांतिकारक ठरलं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण अचूकता नव्हे. ते दाबलं की गिटारचा आवाज बंद होतो. त्याआधी दोन गाण्यांच्या मध्ये श्रोत्यांना ‘टंव टंव’ ऐकावं लागे आणि त्या लाजेने वादक घाईघाईने, अर्धवट जुळवून मोकळे होत.

जुळवण्याच्या विचारात घराणी म्हणावीत असे काही प्रवाह आहेत. पहिला प्रवाह कडक समान भागवाल्यांचा. प्रत्येक तार ट्यूनर सांगेल तिथे ठेवायची आणि गांधाराचा चढेपणा सगळ्या कॉर्डांना सारखा वाटून टाकायचा. कीबोर्ड, बेस, सॅम्पल हे सगळे याच हिशेबाने चालत असल्यामुळे मोठ्या बँडमध्ये हा मार्ग सर्वांत सुरक्षित. याच्या विरुद्ध टोकाला कानाने गोडवा आणणारे. एडी व्हॅन हेलन दुसरी तार जरा उतरवून ठेवत. जेम्स टेलर यांनी तर आपल्या गिटारच्या धड्यांत सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत 12, 10, 8, 4, 6 आणि 3 सेंट उतरवण्याचा हिशेबच दाखवला आहे. तो ऐकून अनेकांना वाटतं की यांची गिटार बेसशी भांडत असणार. पण जाड तार छेडल्याच्या क्षणी ताण वाढून चढी वाजते आणि मग खाली बसते. कॅपो लावला की ती आणखी चढते. ट्यूनरवर उतरलेली दिसणारी तार प्रत्यक्ष गाण्यात जागेवर येते, असा त्यांचा अनुभव. म्हणून हे आकडे उचलून आपल्या गिटारला लावण्यात अर्थ नाही. तारा किती जाड, हात किती जड, कॅपो कुठे, यावर आकडा बदलतो. उचलायची ती पद्धत: जितक्या जोराने गाण्यात वाजवणार तितक्याच जोराने छेडून जुळवायचं. जुळवताना हळुवार आणि गाताना धपाधप हा बँडमधल्या बेसूरपणाचा सगळ्यात साधा उगम आहे.

तिसरा प्रवाह कारागिरांचा. बझ फायटन यांच्या पद्धतीत नट किंचित पडद्यांकडे सरकवतात आणि तारांना ठरावीक फरक देतात. स्वीडनमधल्या ‘ट्रू टेम्परामेंट’ ने तर पडदेच नागमोडी केले. चांगल्या कारागिराकडून नटाच्या खाचा योग्य खोलीच्या करून घेतल्या तरी यातला मोठा लाभ पदरात पडतो, त्यामुळे या प्रवाहावर पुस्तकात फार वेळ घालवलेला नाही.

खरी मौज पुढे आहे. काहींनी जुळवण्याचा प्रश्न खुंटीवर सोडवलाच नाही, तो वाजवण्यात सोडवला. फ्रेडी ग्रीन 1937 मध्ये काउंट बेसी यांच्या बँडमध्ये आले आणि 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे ऱ्हिदम गिटार वाजवत राहिले. पूर्ण सहा तारांचा कॉर्ड ते क्वचितच ऐकू देत; तीन, दोन, कधी एकाच तारेवरचा सूर मोकळा ठेवून बाकीच्या तारा बोटांनी दाबून मुक्या करत. पियानो, बेस आणि ब्रासच्या एवढ्या ताफ्यात सहा सूर ओतले तर त्यांतले निदान दोन कुणाशी तरी भांडतील, आणि एकच सूर बरोबर जागी ठेवला तर भांडायला कुणी उरत नाही. बँडसाठी गिटार जुळवण्याचा सर्वांत मोठा धडा मला या माणसाच्या न वाजवलेल्या तारांत दिसतो.

रॉकने हाच धडा वेगळ्या वाटेने गिरवला. डिस्टॉर्शनमधून दोन सूर गेले की त्यांच्या आंदोलनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा सूर तयार होतो. खालचा ई 82.41 हर्ट्झचा, त्याचा पंचम बी 123.47 हर्ट्झचा. फरक 41.06, आणि बेस गिटारचा सर्वांत खालचा ई 41.20 वर असतो. म्हणजे गिटार स्वतःच बेसचा सूर जवळजवळ तंतोतंत जन्माला घालते. पॉवर कॉर्ड भरदार वाजतो त्याचं हे एक कारण. तिथे पंचमाऐवजी गांधार घेतला तर फरक 21.42 येतो, शुद्ध गांधाराने तो 20.60 आला असता. हा जास्तीचा सूर कुठल्याच ई च्या सप्तकात बसत नाही आणि सगळं गढूळ होतं. डिस्टॉर्शन वापरणाऱ्यांनी गांधार टाकून दिला तो यामुळे. त्यांनी चूक लपवली नाही, चुकणारा स्वरच काढून टाकला. गांधार हवाच असेल तर तो दुसऱ्या गिटारिस्टाकडे किंवा गायकाकडे द्यावा.

उतरत्या ट्यूनिंगचा इतिहास बहुधा शैलीचा म्हणून सांगितला जातो, पण त्यामागे शरीर आणि गळा आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. ते डावखुरे, म्हणजे हीच बोटं तारा दाबणारी. तारा सैल असणं ही त्यांची गरज होती, आणि ब्लॅक सबॅथच्या 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ मधल्या काही गाण्यांत त्यांनी गिटार तीन अर्धस्वर खाली आणली. बेसही सोबत उतरला. जिमी हेंड्रिक्स बऱ्याचदा अर्धा स्वर खाली जुळवत. त्याने गायला सोपं जातं, तारा ओढायला हलक्या होतात, आणि एक फायदा फारसा बोलला जात नाही: ई चा आकार धरला की ई फ्लॅट वाजतो, आणि सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांना ही पट्टी हाताखालची असते. मात्र सैल तारेचा सूर प्रत्येक आघाताला जास्त उसळतो, म्हणून उतरताना तारा जाड घ्याव्या लागतात. कीथ रिचर्ड्स यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ओपन जी स्वीकारलं आणि सहावी तार काढूनच टाकली. उरलेल्या पाच तारांत गांधार एकाच तारेवर आहे. सांभाळायला एकच जागा. खालचा प्रदेश बेससाठी मोकळा राहिला हेही त्यात आलंच.

आपल्याकडे या विषयाची चर्चा गिटारपेक्षा पेटीच्या निमित्ताने अधिक झाली. 1910 मध्ये सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, साताऱ्याला न्यायाधीश असलेल्या क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या कामातून श्रुती-हार्मोनियम घडवण्याचा उद्योग केला, आणि या प्रयोगांत अब्दुल करीम खाँसाहेबही सामील होते. 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. पेटीवरचे आक्षेप, म्हणजे मींड नाही आणि गांधार चढा, यांतला दुसरा गिटारलाही जसाच्या तसा लागू आहे. गिटारची एक सुटका आहे: पडद्यावरची तार ओढून सूर वर नेता येतो. खाली मात्र आणता येत नाही. त्यामुळे शंका असेल तर तार चढी ठेवण्यापेक्षा केसभर उतरलेली बरी; उतरलेल्या सुराला बोट सावरू शकतं.

हवाईयन गिटारने ही अडचणच ओलांडली. तिथे सूर रॉड घसरवून काढतात, पडद्यावर दाबून काढत नाहीत, म्हणून व्हॅन शिप्ली यांच्यासारख्यांची गिटार गळ्यासारखी गाऊ शकली. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि शिवकुमार शर्मा यांचं संतूर आहे. या तिघांत वाजता वाजता न हलणारं वाद्य एकच, संतूर. चित्रपटाच्या ऑर्केस्ट्रात तर सतार, सारंगी, पेटी, व्हायोलिनांचा ताफा आणि पडद्यांची गिटार एकाच खोलीत बसत. सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्व्हिस या गोवेकर अरेंजरांची कामगिरी सहसा हार्मनी आणली म्हणून गौरवतात; मला ती कोणत्या वाद्याला कोणाशेजारी बोलू द्यायचं नाही, या निवडीतही दिसते.

भावगीतांच्या कार्यक्रमात आजही गिटारिस्टाला कुणी ‘सी शार्प’ म्हणत नाही. ‘काळी एक’ म्हणतात. तो पहिल्या पडद्यावर कॅपो लावतो आणि सी च्या आकारात वाजवतो. काळी दोनला तोच कॅपो आणि डी चा आकार. कॅपो तारा ताणतो, त्यामुळे तो लावल्यावर पुन्हा जुळवायचं असतं, आणि जुळवायचं ते पेटीशी, कारण पेटी 440 लाच असेल याची खात्री नसते. भजनी मंडळात पखवाजाला कणीक लावून त्याला पेटीच्या पट्टीत आणतात, तोच हा न्याय. जे वाद्य हलू शकत नाही ते सूर देतं आणि बाकीचे त्याच्याकडे येतात. पेटी किंवा पियानो आधी, मग बेस, मग गिटारी. बेस तर बाराव्या पडद्यावरच्या हार्मोनिकवर जुळवावा. 41 हर्ट्झचा सूर वाचताना ट्यूनर अडखळतात.

हे सगळं आताच का लिहायचं? ट्यूनर प्रत्येकाच्या फोनमध्ये आला आणि त्याबरोबर डोल ऐकण्याची सवय गेली, हे एक कारण. दुसरं अधिक गंभीर आहे. 1997 मध्ये ऑटो-ट्यून आलं आणि रेकॉर्डिंगमधला गळाही समान भागांच्या जाळीवर बसवला जाऊ लागला. मोकळा गळा टिकलेल्या कॉर्डवर गांधार घेताना शुद्ध जागेकडे झुकतो. दुरुस्त केलेला गळा गिटारच्या पडद्याइतकाच चढा असतो. म्हणजे ज्या गायकासोबत तालमीत तार उतरवून गोडवा मिळत होता, त्याच गायकाच्या दुरुस्त केलेल्या ट्रॅकवर तीच गिटार उतरलेली वाटते. एकाच बँडला मंचावर एक ट्यूनिंग आणि स्टुडिओत दुसरं लागावं, अशी वेळ आली आहे. बॅकिंग ट्रॅकवर वाजवणाऱ्यांना तर न हलणारा आणि न ऐकणारा साथीदार कायमचा मिळाला आहे.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे ते आता सांगता येईल. पुस्तक ट्यूनरपासून सुरू होत नाही. आधी डोल ऐकण्याचा सराव आहे, मग गिटारची शरीररचना, आणि दोन्ही पचल्यावर बँड. बँडचे प्रकारही त्यात कोण हलत नाही यावरून लावलेले आहेत, संगीताच्या शैलीवरून नाहीत: पेटीचा बँड, ब्रासचा बँड, दोन गिटारींचा बँड, ट्रॅकवरचा बँड. मेटल वाजवणारा आणि भावगीताला साथ करणारा एकाच प्रकरणात शेजारी बसलेले दिसले तर आश्चर्य वाटू नये. मंचावरच्या उष्णतेने पोलादी तारा सैलावून उतरणं, पावसाळ्यात अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगून सूर चढणं, नव्या तारा ओढून बसवणं, खुंटी नेहमी खालून वर आणून थांबवणं, या गोष्टी गरजेप्रमाणे जागोजाग आल्या आहेत. कोणती गिटार घ्यावी याबद्दल एक शब्दही नाही. पेडल स्टील आणि मोहनवीणा जाणूनबुजून सोडल्या आहेत. त्यांच्या जुळवणीला स्वतंत्र पुस्तक लागेल आणि ते ती वाद्यं वाजवणाऱ्यानेच लिहावं.

सराव दोघांचे आहेत. एकट्याने केले तर त्यांचा अर्धाच उपयोग होईल, तेव्हा बेस वाजवणारा मित्र शोधून ठेवावा. तो मिळेपर्यंत फोनवरचा तानपुरा लावून तिसऱ्या प्रकरणापर्यंत जाता येईल. फक्त तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार पडद्यावरच्या गांधारापेक्षा 14 सेंट खाली आहे हे ध्यानात ठेवावं, आणि त्याच्यामागे लागून लगेच खुंटीला हात लावू नये.